विकत, भाड्याने की मुक्त? ऑफिस सॉफ्टवेअरविषयी वाचकांचे प्रश्न

पत्रे लिहिणे, तक्ते करणे आणि सादरीकरणे बनवणे एवढ्यासाठी सॉफ्टवेअरवर पैसे खर्च करणे खरोखर आवश्यक आहे का, या एकाच प्रश्नाची निरनिराळी रूपे या सदराकडे सतत येत असतात. त्यांतील निवडक पत्रे संक्षिप्त करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या संस्थेत चौदा संगणक आहेत. ऑफिस पॅकेजची वर्गणी दर वर्षी भरावी लागते आणि ती वाढतच जाते. सर्वच संगणकांवर लिबरऑफिस हे विनामूल्य मिळणारे ऑफिस पॅकेज टाकून मोकळे व्हावे, असे काहींचे मत आहे; त्याने कामाचा खोळंबा होईल, असे इतरांना वाटते. निर्णय कसा घ्यावा?

आपल्या पत्रातील ‘सर्वच संगणक’ या शब्दांपाशी मी थांबलो. चौदा माणसे चौदा प्रकारची कामे करत नसली, तरी एकच कामही करत नाहीत. बहुतेकांचे काम पत्रे, इतिवृत्ते, याद्या आणि साधे हिशेब एवढेच असते; ते छापले जाते किंवा पीडीएफ करून पाठवले जाते आणि तेथेच संपते. या कामासाठी लिबरऑफिसमधील रायटर (लेखनासाठी) आणि कॅल्क (तक्त्यांसाठी) पुरेसे आहेत, किंबहुना पुरून उरतात. दोघे-तिघे असे असतात की बाहेरून आलेली वर्ड फाइल दुरुस्त करून त्याच स्वरूपात परत पाठवणे हेच त्यांचे रोजचे काम असते. आणि एखादी व्यक्ती अशी असते की जिच्या एक्सेलच्या वर्कबुकात कोणीतरी पूर्वी लिहून ठेवलेले मॅक्रो, म्हणजे कामे आपोआप करून देणारे छोटे प्रोग्राम, आहेत आणि ते चालले नाहीत तर महिन्याचे काम अडते. वर्गणी सर्वांची सारखीच भरली जाते, मात्र त्या सॉफ्टवेअरवाचून खरोखर अडते ते या मोजक्याच लोकांचे. म्हणून संस्थेसाठी एक निर्णय घेण्याऐवजी प्रत्येक टेबलासाठी वेगळा निर्णय घ्यावा, असे माझे मत आहे.

तो घेण्यासाठी चर्चा करण्यापेक्षा चाचणी करावी. संस्थेतील सर्वांत अवघड पाच फाइली निवडाव्यात. सोप्या फाइली निवडल्या तर काहीच कळत नाही. अनुक्रमणिका व तळटिपा असलेला लांबलचक अहवाल, सर्वाधिक सूत्रे असलेला तक्ता, सजवलेले सादरीकरण, संस्थेचे लेटरहेड आणि यादीवरून शेकडो पत्रे काढणारी मेल मर्जची फाइल, अशा त्या असाव्यात. त्या लिबरऑफिसमध्ये उघडाव्यात, प्रत्येकीत दोन-तीन बदल करावेत, जतन कराव्यात आणि पुन्हा मूळ सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहाव्यात. दोन्ही पॅकेजे एकाच संगणकावर सुखाने नांदतात, त्यामुळे यासाठी काहीही काढून टाकावे लागत नाही.

हिशेबात एक खर्च मात्र लोक धरत नाहीत, तो म्हणजे शिकण्याचा. नेहमीची आज्ञा नेहमीच्या जागी नसली की पहिले काही आठवडे प्रत्येक जण चाचपडतो आणि त्या काळात नव्या सॉफ्टवेअरला भरपूर शिव्या बसतात. हा वेळ धरूनही बहुतेक ठिकाणी बचत उरतेच. पण तो शून्य मानून केलेला प्रस्ताव दुसऱ्याच महिन्यात कोसळतो. आपल्या पत्रातील वर्णनावरून अंदाज करायचा, तर तीन-चार संगणकांची वर्गणी चालू ठेवावी आणि उरलेल्यांची नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी बंद करावी, असे मी सुचवेन.

प्रश्न : जे फुकट मिळते त्यात काहीतरी गोम असतेच. लिबरऑफिसच्या निर्मात्यांना पैसे कोण देते? आपल्या कागदपत्रांतील माहिती विकली जात नाही ना?

शंका रास्त आहे. मात्र ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ या दोन गोष्टी आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. किंगसॉफ्ट या कंपनीचे डब्ल्यूपीएस ऑफिस मोफत वापरता येते, पण त्याच्या मोफत आवृत्तीत जाहिराती येतात आणि त्याचा मूळ प्रोग्राम कोणालाही पाहता येत नाही. सॉफ्टमेकरच्या फ्रीऑफिसची मूळ संहिताही बंदच असते. गूगल डॉक्ससाठी पैसे द्यावे लागत नाहीत, पण कागदपत्रे आपल्या संगणकावर न राहता त्या कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. ही सर्व मोफत आहेत, मुक्त नाहीत.

अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि तेथून पुढे मुक्त सॉफ्टवेअरची जी व्याख्या रुजली, तिच्यात किमतीचा उल्लेखच नाही. प्रोग्राम कोणत्याही कामासाठी चालवता यावा, तो कसा चालतो हे पाहून बदलता यावा, त्याच्या प्रती इतरांना देता याव्यात आणि बदललेली प्रतही वाटता यावी, या चार गोष्टींची मोकळीक ज्या परवान्यात आहे ते मुक्त सॉफ्टवेअर. लिबरऑफिस मोझिला पब्लिक लायसन्सखाली येते, म्हणजे ही चारही स्वातंत्र्ये आपल्याला मिळतात. प्रत वाटण्याची मोकळीक असल्यावर किंमत आपोआप शून्याकडे जाते, एवढाच त्याच्या फुकटपणाचा अर्थ. विकण्यास मनाई नाही, हेही गमतीचे आहे. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये हेच लिबरऑफिस पैसे घेऊन दिले जाते आणि ते चालवणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य मिळते.

द डॉक्युमेंट फाउंडेशन ही जर्मनीत नोंदवलेली ना-नफा संस्था या प्रकल्पाची पालक आहे आणि ती मुख्यतः देणग्यांवर चालते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण कोलॅबोरासारख्या कंपन्यांचे पगारी नोकर असतात. या कंपन्या मोठ्या कार्यालयांना दुरुस्ती आणि साहाय्याची सेवा विकतात. आपली फाइल आपल्याच डिस्कवर राहते, ती वापरण्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि इंटरनेट नसले तरी काम होते.

आपल्या शंकेचा रोख मी दुसरीकडे वळवू इच्छितो. शोधयंत्रात लिबरऑफिसचे नाव टाकल्यावर वरच्या बाजूला जाहिरात म्हणून दिसणारी काही संकेतस्थळे मूळ संस्थेची नसतात, आणि तेथून उतरवलेल्या प्रतीबरोबर नको ती पाहुणेमंडळी संगणकात शिरू शकतात. फाउंडेशनच्या संकेतस्थळावरूनच प्रत घ्यावी.

प्रश्न : ओपनऑफिस आणि लिबरऑफिस यांपैकी कोणते घ्यावे?

लिबरऑफिस. दोन्ही एकाच घराण्यातली आहेत. स्टारडिव्हिजन या जर्मन कंपनीचे स्टारऑफिस 1999 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने कंपनीसकट विकत घेतले आणि 2000 मध्ये त्याची मूळ संहिता खुली केली, तेच ओपनऑफिस. 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर प्रकल्पाच्या भवितव्याविषयी अस्वस्थ झालेल्या मंडळींनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेगळे होऊन लिबरऑफिस सुरू केले. ओपनऑफिस 2011 मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवले गेले. त्याची 4.1 ही आवृत्ती 2014 ची आहे आणि त्यानंतर किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे फारसे काही झालेले नाही. लिबरऑफिसच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या निघतात. एवढे सांगूनही जुन्या नावाचे प्रेम सुटत नसेल, तर हे पाहावे की ओपनऑफिसला डॉक्सएक्स, म्हणजे वर्डच्या नेहमीच्या स्वरूपातील, फाइल वाचता येते, पण त्या स्वरूपात जतन करता येत नाही.

प्रश्न : लिबरऑफिसमध्ये केलेला चाळीस पानांचा अहवाल मी डॉक्सएक्स स्वरूपात पाठवला. समोरच्यांनी वर्डमध्ये उघडला तेव्हा तक्ते पुढच्या पानांवर सरकले होते आणि अनुक्रमणिकेतील आकडे चुकले होते. माझी बरीच नाचक्की झाली. दोष कोणाचा?

या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर दिले पाहिजे, कारण मुक्त सॉफ्टवेअर सोडून देणाऱ्यांपैकी बहुतेक जण याच ठेचेने माघारी फिरतात.

वर्ड प्रोसेसरच्या फाइलमध्ये पाने नसतातच. तेथे मजकूर असतो आणि त्याच्या मांडणीविषयी सूचना असतात. पान प्रत्येक वेळी फाइल उघडल्यावर नव्याने रचले जाते. आपण हे डोळ्यांनी पाहू शकता. आपल्या ओडीटी (रायटरचे स्वतःचे स्वरूप) किंवा डॉक्सएक्स फाइलची एक प्रत काढावी आणि तिच्या नावाचा शेवट बदलून ‘झिप’ करावा. ती फाइल म्हणजे एक बांधलेले गाठोडे असल्याचे दिसेल आणि सोडल्यावर आत एक्सएमएल भाषेतल्या साध्या मजकुराच्या फाइली मिळतील. ओडीटीच्या गाठोड्यात मजकूर एका फाइलमध्ये आणि स्टाइली दुसऱ्या फाइलमध्ये ठेवलेल्या असतात. त्यांवरून पान रचणारे गवंडी दोन असले, तर भिंत थोडी इकडेतिकडे होणारच.

फरक पडण्याचे पहिले कारण फॉन्ट हे असते. 2007 पासून पुढे बरीच वर्षे वर्डचा मूळ फॉन्ट कॅलिब्री होता. तो ज्या संगणकावर नाही तेथे दुसरा फॉन्ट घेतला जातो, आणि त्याची अक्षरे केसभर रुंद असली तरी ओळी वाढतात, ओळी वाढल्या की पाने वाढतात. यावर तोडगा म्हणून कॅलिब्रीच्या अक्षररुंदीशी तंतोतंत जुळणारा कार्लिटो, कॅम्ब्रियाशी जुळणारा कॅलेडिया आणि एरियल, टाइम्स न्यू रोमन व कुरिअर न्यू यांच्याशी जुळणारे लिबरेशन फॉन्ट तयार झाले आहेत आणि ते लिबरऑफिसबरोबरच येतात. आपल्या बाबतीत बहुधा उलटे घडले असावे. आपण लिबरेशन किंवा आणखी कोणत्या फॉन्टमध्ये लिहिले आणि तो समोरच्या संगणकावर नव्हता. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट फाइलीतच बसवण्याचा पर्याय असतो, तो अशा वेळी वापरावा.

दुसरे कारण स्वरूपाचे. लिबरऑफिसचे स्वतःचे स्वरूप म्हणजे ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट. ते 2005 मध्ये ओएसिस या मानक संस्थेने मान्य केले आणि 2006 मध्ये आयएसओ या जागतिक मानक संघटनेचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. मायक्रोसॉफ्टचे ऑफिस ओपन एक्सएमएल, म्हणजे डॉक्सएक्स वगैरे, 2006 मध्ये एक्मा या दुसऱ्या मानक संस्थेचे आणि 2008 मध्ये आयएसओचे मानक झाले. दोन्ही कागदोपत्री खुली आहेत. मात्र वर्ड सहसा त्या मानकाच्या ज्या प्रकारात फाइल जतन करते, तो जुन्या आवृत्त्यांच्या सवयी सांभाळण्यासाठी ठेवलेला संक्रमणकालीन प्रकार आहे. त्या सवयी बाहेरच्या प्रोग्रामला शंभर टक्के उतरवता येणे कठीण जाते.

तिसरे कारण सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण ते आपलेच असते. मजकूर पुढे सरकवायचा तर स्पेसबार, नवे पान हवे तर एंटर दाबत राहायचे, शीर्षक म्हणजे ठळक केलेली एक ओळ, अशा रीतीने केलेली फाइल ज्या संगणकावर केली तेथेच उभी राहते. आजवर माझ्याकडे ‘लिबरऑफिसने बिघडवली’ या तक्रारीसह आलेल्या फाइलींपैकी निम्म्याहून अधिक फाइली अशा टेकूंवर उभ्या होत्या. शीर्षकाला हेडिंग स्टाइल, समासासाठी परिच्छेदाचे अंतर आणि नव्या पानासाठी पेज ब्रेक वापरला, तर पानांची संख्या बदलली तरी रचना मोडत नाही आणि अनुक्रमणिका एका क्लिकने नव्याने तयार होते.

यापुढे काय करावे? फाइल केवळ वाचण्यासाठी पाठवायची असेल, तर पीडीएफ पाठवावी. लिबरऑफिसमध्ये हायब्रिड पीडीएफ नावाची एक सोय आहे, तिच्यात पीडीएफच्या पोटात मूळ ओडीटी फाइलही ठेवली जाते. समोरच्याकडे लिबरऑफिस असेल तर तीच पीडीएफ उघडून त्याला मजकूर बदलता येतो. फाइल दोघांनी मिळून दुरुस्त करायची असेल, तर स्वरूप सुरुवातीलाच ठरवावे आणि शेवटपर्यंत तेच ठेवावे. एकदा ओडीटी, एकदा डॉक्सएक्स अशी येरझार प्रत्येक फेरीत थोडे काहीतरी गमावते. आणि ज्यांना दिवसभर इतरांच्या डॉक्सएक्स फाइलींतच वावरायचे आहे, त्यांनी ओन्लीऑफिस वापरून पाहावे. तेही मुक्त परवान्याखाली मिळते आणि ते मुळातच मायक्रोसॉफ्टच्या स्वरूपांवर बेतलेले आहे.

प्रश्न : रायटरमध्ये परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये फॉन्ट आणि आकार बदलला. इंग्रजी शब्द तेवढे बदलले, मराठी मजकूर जसाच्या तसा राहिला. हा दोष आहे का?

दोष नाही, पण तो तसा वाटावा अशीच ही रचना आहे. लिबरऑफिस लिप्यांचे तीन गट मानते. पाश्चात्त्य, पूर्व आशियाई आणि ज्यांत अक्षरे जोडली जातात त्या कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटच्या लिप्या. देवनागरी तिसऱ्या गटात येते. प्रत्येक स्टाइलमध्ये या तिन्हींसाठी फॉन्ट, आकार आणि भाषा वेगवेगळी ठरवलेली असते. आपण पहिल्या गटाचा फॉन्ट बदललात. तिसऱ्या गटाची चौकट कदाचित आपल्याला दिसलीही नसेल. ‘टूल्स’ मेनूतील ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांचा जो विभाग आहे, तेथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर खूण करून भाषा म्हणून मराठी निवडावी. त्यानंतर स्टाइलच्या फॉन्टच्या पानावर ती चौकट दिसू लागेल. डीफॉल्ट परिच्छेद स्टाइलमध्ये तेथे नोटो सेरिफ देवनागरीसारखा एखादा युनिकोड फॉन्ट एकदा बसवला आणि ते टेम्प्लेट म्हणून जतन केले की पुन्हा हा त्रास होत नाही.

आणखी एका वाचकांनी जुन्या फाइलींत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असल्याचे लिहिले आहे. त्या फाइली युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत, येण्यापूर्वीच्या धाटणीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. त्या फॉन्टमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. मुखवटा नसला की कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये खरा चेहरा दिसणार. त्या विशिष्ट फॉन्टसाठीच्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व इकार डोळ्यांनी तपासावेत.

प्रश्न : प्रबंधाच्या सुरुवातीच्या पानांवर रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून 1 हा आकडा हवा आहे. वर्डमध्ये मी सेक्शन ब्रेक देत असे. रायटरमध्ये तो सापडत नाही.

सापडणार नाही, कारण रायटर हे काम पानाच्या स्टाइलवर सोपवतो. सुरुवातीच्या पानांसाठी स्वतःची एक पेज स्टाइल तयार करावी, तिचा आकड्यांचा प्रकार रोमन ठेवावा आणि तळाशी पानाच्या क्रमांकाचे फील्ड घालावे. नंतर पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकाआधी कर्सर नेऊन ‘इन्सर्ट’ मेनूतून मॅन्युअल ब्रेक घ्यावा. तेथे पेज ब्रेक निवडल्यावर खाली स्टाइल विचारली जाते. प्रकरणांच्या पानांसाठी असलेली स्टाइल निवडून पानाचा क्रमांक बदलण्याच्या चौकटीत खूण करावी आणि 1 लिहावा. प्रकरणांच्या स्टाइलमध्येही तळाशी क्रमांकाचे फील्ड घालण्यास विसरू नये.

एका गोष्टीने आपण दचकाल, म्हणून आधीच सांगतो. रायटरच्या मते विषम क्रमांकाचे पान नेहमी उजव्या हाताला येते. रोमन आकड्यांचे शेवटचे पान विषम असले आणि लगेच 1 आला, तर छापताना मध्ये एक कोरे पान टाकले जाऊ शकते. बांधणीसाठी ते योग्यच असते. नको असेल तर छपाईच्या पर्यायांमध्ये ते बंद करता येते. प्रबंध लिहिणाऱ्यांना ही पद्धत आठवडाभर डोकेदुखी वाटते. पुढे दोनशे पाने झाल्यावर मात्र मला ती सेक्शन ब्रेकपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटली आहे.

प्रश्न : मी हिशेबनीस आहे. माझे सारे काम एक्सेलमध्ये आहे. कॅल्क त्याची जागा घेऊ शकेल का?

आपल्यासाठी बहुधा नाही, आणि हे स्पष्टपणे सांगितलेले बरे. आकाराच्या बाबतीत दोन्ही सारखी आहेत. एका शीटमध्ये 10,48,576 ओळी दोघांतही मावतात, आणि 2022 मधील 7.4 या आवृत्तीपासून कॅल्कमध्येही एक्सेलइतकेच 16,384 स्तंभ मिळतात. पिव्होट टेबल, गोल सीक, सॉल्व्हर ही साधने कॅल्कमध्ये पूर्वीपासून आहेत. एक्सलुकअप, फिल्टर, युनिक ही नवी सूत्रे 2024 च्या ऑगस्टमधील 24.8 या आवृत्तीत आली. परंतु बाहेरची माहिती आणून जोडणारी पॉवर क्वेरी आणि मोठ्या माहितीचे विश्लेषण करणारे पॉवर पिव्होट या एक्सेलच्या साधनांना कॅल्कमध्ये तोडीस तोड काही नाही, आणि व्हीबीए या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत लिहिलेले मॅक्रो काही चालतात, काही अर्ध्यावर थांबतात. ज्या कामावर आपली उपजीविका आहे आणि जे या दोन गोष्टींवर उभे आहे, तेथे एक्सेलसाठी दिलेले पैसे वाया जात नाहीत.

आपल्या वर्कबुकात मॅक्रो नसतील आणि प्रयोग करायचाच असेल, तर एक सावधगिरी बाळगावी. एक्सेलची फाइल उघडताना कॅल्क सहसा सूत्रे नव्याने न सोडवता फाइलीत आधी साठवलेली उत्तरेच दाखवते. त्यामुळे सर्व बेरजा जुळल्या म्हणून लगेच खूश होऊ नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ 9 या कळा एकत्र दाबून संपूर्ण फेरगणना करावी आणि त्यानंतरच्या बेरजा मूळ फाइलीशी ताडून पाहाव्यात.

प्रश्न : मायक्रोसॉफ्ट 365 ची वर्गणी बंद केली तर जुन्या फाइली उघडतील का? आणि एकदाच पैसे भरून घेतलेले ऑफिस 2016 किती दिवस चालेल?

फाइली आपल्याच राहतात. वर्गणी संपल्यावर ती सॉफ्टवेअर फाइल दाखवतात आणि छापू देतात, पण बदलू देत नाहीत. लिबरऑफिसमध्ये त्याच फाइली उघडून बदलता येतात. काळजी घ्यायची ती वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीची. वर्गणीबरोबर मिळालेली एक टेराबाइट जागा 5 गिगाबाइटवर येते, म्हणून तेथे साठवलेले सर्व काही वर्गणी संपण्यापूर्वी स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. ऑफिस 2016 आणि 2019 या दोन्हींचे सुरक्षा-दुरुस्तीचे दिवस 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले. ती चालत राहतील. पण बाहेरून आलेल्या फाइली त्यांत उघडणे मी टाळेन. क्वचितच डॉक्सएक्स फाइल दुरुस्त करावी लागत असेल, तर ब्राउझरमध्ये चालणारे मायक्रोसॉफ्टचे मोफत ऑफिसही पुरते.

प्रश्न : ओळखीचे एक गृहस्थ पूर्ण ऑफिस ‘क्रॅक’ करून बसवून देतात. मग मुक्त सॉफ्टवेअरच्या भानगडीत का पडावे?

कारण परवान्याचे कुलूप फोडणारा तो छोटा प्रोग्राम चालवण्याआधी आपण अँटिव्हायरस बंद करतो आणि त्याला संगणकाच्या व्यवस्थापकाचे सर्व अधिकार देतो. त्याने त्या अधिकारांत आणखी काय केले, हे आपल्याला कधीच कळत नाही. तो बेकायदा आहे हे वेगळे सांगायला नको. शिवाय अशा प्रतींमुळेच मुक्त पर्यायांची ओळख होत नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

प्रश्न : म्युनिक शहराने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारून पुन्हा मागे पाऊल घेतले, असे वाचले. एवढ्या मोठ्या यंत्रणेला जमले नाही तर आमच्यासारख्यांनी कशाला धाडस करावे?

म्युनिकच्या नगरपरिषदेने 2003 मध्ये लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाण्याचा निर्णय घेतला, 2013 पर्यंत सुमारे 15,000 संगणक त्या व्यवस्थेवर आणले आणि 2017 मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव केला, हे खरे आहे. पण तेथे ऑफिस पॅकेजबरोबर ऑपरेटिंग सिस्टिमही बदलली जात होती. केवळ विंडोजवर चालणारे खास प्रोग्राम निरनिराळ्या विभागांत उरलेच, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी चालू राहिल्या आणि मधल्या काळात शहराचे राजकीय नेतृत्वही बदलले.

फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने क्रम उलटा ठेवला. त्यांनी 2005 पासून विंडोज तसेच ठेवून आधी ओपनऑफिस आणले, त्यानंतर ब्राउझर आणि ईमेलचे प्रोग्राम बदलले, आणि लोक या सर्वांना सरावल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर नेली. ती व्यवस्था टिकली. इटलीच्या संरक्षण मंत्रालयाने 2015 मध्ये लिबरऑफिस स्वीकारले. जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024 मध्ये सुमारे 30,000 संगणक लिबरऑफिसवर नेण्याची घोषणा केली. तेव्हा म्युनिकच्या उदाहरणावरून मुक्त ऑफिस सॉफ्टवेअर निरुपयोगी ठरते, असे मला वाटत नाही; सर्व काही एकदम बदलू नये, एवढे मात्र त्यातून घेता येते. आपल्याला तर ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावण्याचीही गरज नाही.

प्रश्न : लिबरऑफिस घेतल्यावर गेल्या पंधरा वर्षांच्या सर्व वर्ड फाइली ओडीटीमध्ये बदलून घ्याव्यात का?

सरसकट बदलू नयेत. बहुतेक जुन्या फाइली पुन्हा कधी उघडल्याच जात नाहीत, आणि ज्या उघडल्या जातात त्या लिबरऑफिस आहे त्याच स्वरूपात वाचते. जी फाइल पुन्हा कामाला येईल आणि यापुढे आपल्याच संस्थेत राहील, ती त्या दिवशी ओडीटी म्हणून जतन करावी. लेटरहेड, अर्जांचे नमुने यांसारख्या रोज लागणाऱ्या फाइली मात्र पहिल्याच आठवड्यात, स्टाइली वापरून, नव्याने बनवाव्यात. जुन्या उघडून डागडुजी करण्यात अधिक वेळ जातो. एखादा संपूर्ण फोल्डर बदलायचाच असेल, तर ‘फाइल’ मेनूतील विझार्ड्समध्ये डॉक्युमेंट कन्व्हर्टर आहे. तो मूळ फाइलींना हात न लावता बदललेल्या प्रती दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्या प्रती एकेक उघडून पाहिल्याशिवाय मूळ फाइली पुसू नयेत, आणि सह्या, शिक्के किंवा करार यांच्याशी संबंध असलेल्या फाइली तर पाहिल्यानंतरही पुसू नयेत.